सुपारीचा हिशेब

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत बैलबाजारही असतो आणि तमाशाचे तंबूही. बैलाचे दात, खांदा, चाल पाहून भाव होतो. शहापूर-मुरबाडकडच्या बँजो पार्टीतील वादकाला एवढाही मान नाही. यजमान विचारतो, "तासाचे किती?" शेजारच्या गावचा संच दोन हजारांनी कमी घेतो, एवढे ऐकवले की संचाचा म्होरक्या निमूटपणे आकडा खाली आणतो.

वस्तुतः तासाचा हा प्रश्नच फसवा आहे. हळदीच्या रात्री वाजवायचे चार तास. परंतु दुपारी टेम्पो भरण्यापासून पहाटे घरी परतण्यापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशीचा बुडालेला रोज धरून, दोन दिवस खर्ची पडतात. तालमी निराळ्याच. समजा, बारा जणांच्या संचाने २४,००० रुपयांची सुपारी घेतली. टेम्पोभाडे ४,०००, वाद्ये व कर्ण्यांची झीज, दुरुस्ती आणि त्यांवरील कर्जाचा हप्ता मिळून ५,०००. उरलेल्या १५,००० रुपयांत माणशी १,२५० येतात. आता दोन हजारांची सूट द्या. टेम्पोवाला सूट देत नाही, हप्ताही कमी होत नाही. सारी सूट मजुरीतून जाते. सुपारी बाराव्या हिश्शाने उतरते, मजुरी मात्र आठव्या हिश्शाहूनही अधिक! दोन संचांच्या या चढाओढीत जिंकणाराही वर्षभर हरतच असतो.

माळशेज घाटापलीकडे, नारायणगावी, दुसरी रीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड तेथे राहुट्या टाकतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. राहुट्या शेजारीशेजारी असल्याने भाव झाकला जात नाही. मोक्याच्या तिथीचा दर चढा राहतो. परंतु या पद्धतीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. फडमालक सावकाराच्या कर्जात आणि कलावंत फडमालकाच्या उचलीत, ही साखळी तेथेही तुटलेली नाही. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. २००२ साली त्यांचे निधन झाले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी साथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा चांगली सुपारी घेणारे फडही उघड्यावर आले. दर उघड झाला म्हणजे तो शेवटच्या झांजवाल्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. सुपारीबरोबर तिची वाटणीही लिहून ठेवली पाहिजे, ती यासाठी.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. लग्नघरचा शेतकरी तरी कोठे सधन आहे? भात विकून आणि उसनवारी करूनच तो मांडव घालतो. त्याच्यासाठी दर उतरवण्याचा हक्क संचाला असलाच पाहिजे. मात्र ठरलेला दर दोघांनाही ठाऊक असेल, तरच तिला सवलत म्हणता येईल. एरवी ती निव्वळ कोंडी असते. शिवाय चढाओढीचा लाभ गरिबापेक्षा जमिनी विकून बंगले बांधणाऱ्यांनाच अधिक मिळतो. मांडवाच्या रोषणाईवर ते घासाघीस करीत नाहीत, ती वादकांपाशी करतात.

आणि आपले मेळावे? ठाकर, कातकरी वाड्यांवरील नाचाचे संच पाहुण्यांच्या स्वागताला बोलवायचे, उन्हात तिष्ठत ठेवायचे, आणि जेवण व जाण्यायेण्याची गाडी एवढ्यावर बोळवण करायची, ही चाल सर्वच पक्षांत आहे; समाजवादी म्हणवणारे तिला अपवाद नाहीत. वेठबिगारीविरुद्ध १९७६ च्या कायद्याचे दाखले देणाऱ्या व्यासपीठासमोर हे घडते. मंडपवाल्याचे बिल मात्र चुकते होते.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्याआधी दोन्ही तालुक्यांतील संचांची एक बैठक शहापुरात, एक मुरबाडात घेणे कार्यकर्त्यांना अवघड नाही. किमान सुपारी, अर्धा इसार, उरलेली रक्कम वाजवण्यापूर्वी, रात्री दहानंतर कर्णे बंद करावे लागले तरी पैसे न कापणे, एवढे एका कागदावर यावे आणि त्यावर प्रत्येक म्होरक्याची सही असावी. पक्षाच्या पुढील मेळाव्याची सुपारी त्याच कागदाप्रमाणे द्यावी.