पिसं नंतर, आधी गळ!

ट्राउटसाठी फ्लाय बांधणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, "काय बांधतोयस?" तो पिसांपासून सुरू होतो. कोंबड्याच्या मानेवरची पिसं कुठली, हरणाचे केस अंगाच्या कुठल्या भागातले, मोरपिसाचा कुठला धागा चांगला चमकतो. अर्धा तास आरामात जातो. मग विचारा, "आणि गळ कुठला?" उत्तर येतं, "चौदा नंबर." संपलं.

चौदा नंबर हे काय उत्तर झालं राव? हा तर चपलेचा नंबर झाला. पायाला बसेल एवढं कळलं, पट्टा पहिल्याच पावसात तुटणार की टिकणार ते कुठे कळलं?

तर मंडळी, आजचा राग हा असा आहे. इथे डेन्व्हरला आल्यापासून वीकेंडला साउथ प्लॅट नदीवर जातो, त्यामुळे आपले देशी आणि इथले गोरे, दोन्ही प्रकारचे फ्लायवाले भरपूर बघतो. सातआठशे डॉलरची काठी, तीनशेचा रीळ, अंगावर चौदा खिशांचं जॅकेट. आणि माशाच्या तोंडात प्रत्यक्ष जी वस्तू जाणार, ती मात्र शंभर नगांच्या पाकिटातली, सगळ्यात स्वस्त. चांगल्या गळाला पाव डॉलर ते चाळीस सेंट पडतात. एक फ्लाय बांधायला पंधरा मिनिटं जातात. पंधरा मिनिटं खर्च करून वीस सेंट वाचवणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. मी मेकॅनिकल करून आयटीत आलेल्या अनेक जिवांपैकी एक. सेकंड इयरचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडतंय, तेव्हा जरा सहन करा. गोल तार वाकवायला लागणारं बळ जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, वजन मात्र वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे तार १० टक्के जाड घेतली तर वजन २१ टक्के वाढतं आणि ताकद ३३ टक्के. सौदा फायद्याचा आहे. दुसरी गोष्ट, गळाचं टोक दांड्यापासून जितकं लांब, तितकी मासा ओढतो तेव्हा वाकाला जास्त पिळवटणी. त्यामुळे रुंद तोंडाचा आणि बारीक तारेचा गळ ही सगळ्यात धोक्याची जोडी. दुकानात हीच दिसायला सगळ्यात नाजूक आणि देखणी असते, आणि हीच खपते.

उदाहरण द्यायचं तर टिमकोचे २४५७ आणि २४८७ हे दोन गळ घ्या. दोन्ही आखूड, वळलेले, रुंद तोंडाचे. ट्रेमध्ये शेजारी ठेवले तर घाईत फरक कळत नाही. पण २४५७ ची तार दोन एक्स जाड, २४८७ ची एक एक्स बारीक. पाण्यात खाली बुडवायच्या निंफसाठी २४८७ का घ्यावा? जाड तारेचं वजन तिथे हवंच असतं! तरीही लोक बारीक घेतात आणि वरून टंगस्टनचा मणी घालून वजन वाढवतात. धन्य आहे.

आता या 'एक्स'बद्दल. टिपेट, म्हणजे दोरीचं सगळ्यात शेवटचं बारीक टोक, त्यातही एक्स असतो. तिथे आकडा वाढला की जाडी कमी. गळावर 'दोन एक्स हेवी' लिहिलं की तार जाड, 'दोन एक्स फाइन' लिहिलं की बारीक आणि 'दोन एक्स लाँग' लिहिलं की दांडा लांब. एकाच व्हेरिएबलला चार अर्थ! कोड रिव्ह्यूमध्ये हे कोणी पास करेल का? आणि गंमत म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधील असं एक माप नाहीच. 'दोन एक्स हेवी'चा ढोबळ अर्थ दोन माप मोठ्या गळाची तार, पण दोन माप मोठा गळ म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा. म्हणून पाकिटावर 'स्ट्राँग' लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवणं म्हणजे रेझ्युमेवर 'टीम प्लेयर' लिहिलंय म्हणून माणूस घेणं.

बरं, नुसती जाडी म्हणजे ताकद असंही नाही. कोयत्याला लोहार पाणी देतो ते आठवा. लालभडक तापवून एकदम थंड केलं की पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. गळाचंही तसंच. पाणी कमी पडलं तर मासा ओढताच गळ सरळ होतो. पाणी जास्त झालं आणि पुढचं तापवणं नीट झालं नाही तर काडकन तुटतो, आणि टोक माशाच्या जबड्यात राहतं. १४९६ साली छापलेल्या 'ट्रीटिस ऑफ फिशिंग विथ ॲन अँगल' या इंग्रजी पुस्तकात शिवणाच्या सुया तापवून, वाकवून, पाणी देऊन गळ कसे करायचे ते सांगितलंय. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला गळ आधी नीट हवा हे कळत होतं. आपण पिसांवर अडकलोय.

आता समोरून येणारे युक्तिवाद.

एक, "ड्राय फ्लाय तरंगायला हवी, म्हणून बारीक तार." मान्य, अर्धं. तरंगणाऱ्या फ्लायला निंफसारखी जाड तार नकोच. पण साधी तार आणि अतिबारीक तार यांच्या वजनातला फरक हरणाचे चार केस जास्त लावून भरून निघतो. तारेची गेलेली ताकद मात्र केसांनी भरून निघत नाही.

दोन, "बारीक गळ चटकन रुततो." खरंय. पण रुतणं मुख्यतः टोकाच्या धारेवर आहे. बारीक कानस फिरवून टोकाला धार लावा, उलटा काटा पकडीनं दाबून टाका, मग जाड तारही सहज रुतते. वर सोडताना माशाचं तोंडही फाटत नाही.

तीन, आणि हा मला सगळ्यात चीड आणणारा: "गळ सरळ झाला तर मासा सुटतो, चांगलंच की!" सर्किटमध्ये फ्यूज असतो, तो आपण ठरवून बसवतो. ट्राउटच्या मासेमारीत फ्यूज म्हणजे टिपेट. पाच एक्सचं टिपेट ०.००६ इंच जाड, साधारण दोन किलोच्या ओढीला तुटतं. हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे हात किती ओढायचा तेही कळतं. गळ त्याच्या आधी वाकायला लागला तर वायरिंग जळतंय आणि फ्यूज शाबूत आहे!

आणि खरी किंमत मासा मोजतो. गळावर भरवसा नसलेला माणूस जोर लावत नाही. तो माशाला खेळवत राहतो. तीन मिनिटांत जाळ्यात येणारा मासा दहा मिनिटं ओढत बसतो, आणि त्यालाच 'कौशल्य' म्हणतो. एवढ्या वेळात माशाचे स्नायू पार थकतात. उन्हाळ्यात पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की त्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात ही दमछाक. फोटो काढून सोडलेला मासा आपल्या डोळ्यांसमोर पोहत जातो आणि नंतर कुठेतरी खाली मरून पडतो. आपण घरी येऊन सांगतो, "आम्ही पकडून सोडतो हं, मारत नाही." चीझमन कॅन्यनमध्ये तर सगळे मासे सोडायचा नियमच आहे. नियम पाळला, पण मासा जगला का? पकडून सोडणं हे जर आपलं तत्त्व असेल, तर मजबूत गळ ही त्याची पहिली अट आहे.

अर्थात, २२-२४ नंबरच्या चिमुकल्या फ्लायवर जाड तारेला मर्यादा येतात. पण तिथे टिपेटही सहा-सात एक्सचं लागतं, म्हणजे फ्यूजही लहान. तत्त्व तेच राहतं: गळ टिपेटपेक्षा मजबूत हवा.

हे ठरवायला प्रयोगशाळा नको. नवीन पाकीट आणलंत की त्यातले तीन गळ बळी द्या. पहिला गळ व्हाइसमध्ये धरून नेढ्याकडून बोटानं खाली दाबून सोडा. टणकन परत जागेवर आला तर ठीक, वाकलेलाच राहिला तर मऊ. दुसऱ्याचा उलटा काटा पकडीनं दाबा, टोक तुटलं तर ठिसूळ. तिसऱ्याला तुमचं नेहमीचं टिपेट बांधा, गळ किल्ल्यांच्या रिंगमध्ये अडकवा आणि बॅग तोलायच्या काट्यानं ओढा. (तेवीस किलोच्या भीतीनं हा काटा आपल्या प्रत्येकाच्या घरात असतोच!) डोळ्यांवर गॉगल घाला, तुकडा उडू शकतो. टिपेट आधी तुटलं तर पाकीट ठेवा. गळ आधी उघडला तर पाकीट कचऱ्यात, कंपनी कितीही मोठी असो.

तीन गळ म्हणजे जेमतेम एक डॉलर. तेवढा खर्च करा, आणि मग खुशाल मोरपिसांवर अर्धा तास बोला. मीही बसेन ऐकायला.