नऊ महिन्यांचे काम

२०११ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका शाखेत होतो. दुपारी काउंटरवरची गर्दी ओसरत असताना तिशीतली एक बाई माझ्या टेबलापाशी आली. तिला खाते उघडायचे होते, पण फक्त स्वतःच्या नावावर. नॉमिनी म्हणून मुलीचे नाव हवे होते. मुलगी अल्पवयीन, तेव्हा तिच्या वतीने रक्कम स्वीकारणार कोण, असे विचारल्यावर तिने आपल्या आईचे नाव सांगितले, नवऱ्याचे नाही. हातात अडीच लाखांचा चेक होता. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे एवढी रक्कम आली की बँकेतल्या माणसाला विचारावेच लागते. मी म्हणालो, "कशाचे पैसे?"

"कामाचे."

"कसलं काम?"

तिने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नऊ महिन्यांचं."

अर्थ ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. आला तेव्हा मीच ओशाळलो आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला. त्यातले दोन लाख तिने तिथल्या तिथे मुदत ठेवीत टाकले.

हा संवाद आज कोणत्याही बँकेत असा उघडपणे होणार नाही. सरोगसीचा नवा कायदा आणि त्याच्या जोडीचा कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांविषयीचा कायदा, दोन्ही २०२१ साली संमत झाले आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. दुसऱ्याचे मूल पोटात वाढवण्याबद्दल मोबदला देणे आता गुन्हा आहे. असा व्यवहार चालवणाऱ्यांना दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या स्त्रीला मिळू शकतो तो औषधपाण्याचा व ठरवून दिलेला इतर खर्च आणि छत्तीस महिन्यांचा विमा. तिचा विवाह झालेला असावा, तिला स्वतःचे मूल असावे, वय २५ ते ३५ असावे आणि हे तिने आयुष्यात एकदाच करावे. बाकी सारा परोपकार.

हा कायदा उगाच आलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून आपल्याकडची पहिली. मुखर्जींवर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेल्या मुलीची बातमी मात्र घरोघरी पोचली. तिथून पुढे एक वेगळेच दार उघडले. बीज एकीचे, गर्भाशय दुसरीचे आणि मूल तिसरीचे, हे शक्य झाले.

२००४ साली गुजरातेत आणंदला एका आजीने आपल्या परदेशस्थ मुलीची जुळी पोटात वाढवली. ती मायेची गोष्ट होती. पण पाठोपाठ परदेशी जोडपी येऊ लागली, दलाल आले, गर्भार बायकांना घरापासून दूर ठेवणारी वसतिगृहे आली. २००८ साली एका जपानी दांपत्याचा घटस्फोट मुलीच्या जन्माआधीच झाला आणि तान्ह्या जिवाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका ऑस्ट्रेलियन जोडप्याने तर जुळ्यांपैकी एकच मूल नेले आणि दुसरे इथेच सोडले. 'मला आई व्हायचंय!' हा मराठी चित्रपट याच विषयावर होता, तो पाहून डोळे पुसत बाहेर पडलेले प्रेक्षक मला आठवतात. २००९ साली विधी आयोगाने धंदेवाईक सरोगसी बंद करण्याची शिफारस केली, २०१५ साली परदेशी जोडप्यांना मनाई झाली आणि अखेर २०२१ साली कायदा झाला.

एवढे सगळे खरे असूनही या कायद्याचे एक गृहीत मला पटत नाही. पैसा काढून घेतला की शोषण संपते, हे ते गृहीत. पस्तीस वर्षे खातेवह्या तपासण्यात घालवलेला माणूस एवढे नक्की सांगू शकतो की वहीत नोंद नाही म्हणजे व्यवहार झाला नाही, असे नसते. कोणीतरी काहीतरी दिलेले असतेच. फक्त ते कोणाच्या नावे टाकायचे, हे कोणी लिहिलेले नसते.

परोपकाराचा हा भार आपल्याकडे कोणावर येतो? आमच्या नात्यातल्या एका घरची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघे भाऊ एकत्र राहतात. थोरल्या सुनेचे गर्भाशय आजारपणात काढावे लागले. धाकटीला एक मुलगा आहे, वय एकोणतीस, प्रकृती ठणठणीत. कायद्याच्या सगळ्या अटींत ती बसते. घरात एके दिवशी विषय निघाला आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. "बाहेरची कशाला, घरातलीच आहे की," हे वाक्य सासूचे होते, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात ते होते. धाकटी काही बोलली नाही. तिचे न बोलणे हा होकार समजण्यात आला. मग मला निरोप आला, "ती तुमचं ऐकते, तुम्ही एकदा तिला समजवा."

मी गेलो. तिने चहा केला, मुलाला शेजारी खेळायला पाठवले आणि समोर बसली. थोरल्या जावेचे दुःख तिला कळत होते. दोघींचे चांगले जमते. तिने मला एकच विचारले, "काका, मी नाही म्हटलं तर या घरात मी कोण राहीन, तेवढं सांगा." तिच्या पोटातून आलेले मूल तिला काकू म्हणणार होते, रोज, त्याच घरात. त्याबद्दल तिला काय वाटते, हे कोणी विचारले नव्हते. बाळंतपणात काही कमीजास्त झाले तर तिच्या मुलाचे काय, हेही नाही. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी परत येऊन सांगितले की मी तिला समजावणार नाही. तेव्हापासून त्या घरी माझे जाणे कमी झाले आहे.

पुराणांतही ही गोष्ट आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात ठेवला गेला आणि बलराम जन्मला. कथा सुंदर आहे. पण रोहिणीला कोणी विचारले होते का, हा प्रश्न कीर्तनात कधी आलेला मी ऐकला नाही.

कोणी म्हणेल, एका घरावरून सगळ्या समाजाबद्दल कसे बोलता? तर परोपकाराचाच दुसरा हिशेब पाहू. मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग विकता येत नाही, १९९४ च्या कायद्यानुसार तो मुख्यतः जवळच्या नात्यातच देता येतो. कायदा स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. तरीही १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झाली, स्त्रियांवर सुमारे सात हजार. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मोठी संख्या बायका, आया आणि बहिणींची. घरातल्या घरात दान करायचे ठरले की पदर कोणाला पसरावा लागतो आणि द्यावे कोणाला लागते, ते या आकड्यांत दिसते.

सरोगसीच्या विधेयकात आधी 'जवळची नातेवाईक'च हवी अशी अट होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ती काढायला लावली आणि कोणतीही इच्छुक स्त्री चालेल असे झाले, हे बरे झाले. पण फुकट काम करायला अनोळखी स्त्री का येईल? म्हणजे अट कागदावरून गेली तरी व्यवहारात घरातलीच उरते. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१७ साली नेमके हेच सांगितले होते. त्या स्त्रीकडून निव्वळ परोपकाराची अपेक्षा करणे हेही शोषणच आहे, तिला वाजवी मोबदला मिळावा, असे समितीचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे वेठबिगारी ठरवली होती. वीट वाहणाऱ्या बाईला लागू पडणारा न्याय गर्भ वाहणाऱ्या बाईला का लागू पडू नये?

स्त्रीबीजदानाचे तर नावच 'दान' आहे. एरवी महिन्याला एक बीज पक्व होते. ती संख्या वाढावी म्हणून साधारण दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, वारंवार सोनोग्राफी होते आणि शेवटी भूल देऊन सुईने बीजे काढतात. बहुतेकींना फारसा त्रास होत नाही. पण काहींचे बीजकोश सुजतात, पोटात पाणी साचते, क्वचित जिवावर बेतते. नव्या कायद्याने वय २३ ते ३५ ठरवले, आयुष्यात एकदाच, सातपेक्षा अधिक बीजे नाहीत, बारा महिन्यांचा विमा, आणि विक्रीला बंदी. हेतू चांगला. पण अनोळखी जोडप्यासाठी कोणती मुलगी फुकट सुया टोचून घेईल? पैसा येतोच, फक्त दलालाच्या हातून येतो. आणि फसवणूक झाली तर ती तक्रार कशी करणार? पैसे घेतल्याची कबुली दिल्याशिवाय ते बुडवल्याची तक्रार करता येत नाही.

जून २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या इरोडचे प्रकरण उघडकीस आले. सोळा वर्षांच्या मुलीच्या आधार कार्डावर खोटे वय दाखवून तिची बीजे पुन्हा पुन्हा विकल्याच्या आरोपावरून खुद्द तिच्या आईला अटक झाली. हे कायद्याच्या आधीपासून चालले होते. पण चोरवाटा तिथे आधीच तयार होत्या, हे तरी त्यावरून कळते.

माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे. एकदा भाव ठरला की गरीब बाईला नाही म्हणता येणार नाही, आणि श्रीमंत घरे तिची कूस विकत घेतील. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या टेबलापाशी आलेली बाई खरोखर स्वखुशीने गेली होती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण गरिबीमुळे तिचा होकार संशयास्पद ठरत असेल, तर सासरच्या धाकामुळे धाकट्या सुनेचा होकारही तितकाच संशयास्पद आहे. कायद्याने एकीचे दार लावले आणि दुसरीचे सताड उघडे ठेवले. खाणीत उतरणारा मजूरही पोटासाठीच उतरतो. म्हणून आपण त्याची मजुरी बंद करीत नाही, त्याच्या सुरक्षिततेचे नियम करतो.

मग करावे काय? बाजार पुन्हा मोकाट सोडावा, असे मी म्हणत नाही. रक्कम सरकारी मंडळाने ठरवावी, घासाघीस नको. ती उपचारांआधीच बँकेत जमा व्हावी आणि टप्प्याटप्प्याने फक्त त्या स्त्रीच्या एकटीच्या खात्यात जावी. मूल हाती आले तरच पैसे, ही अट कधीच नसावी, कारण गर्भपात झाला तरी शरीर झिजलेलेच असते. दलालाला जागाच ठेवू नये.

आणि घरातल्या स्त्रीसाठी आणखी एक. गर्भ रोवण्यापूर्वी माघार घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पण तो हक्क सासूसमोर बजावायचा कसा? तिची समुपदेशकाशी भेट एकटीची व्हावी, आणि तिने नाही म्हटले तर घरच्यांना एवढेच कळवावे की ती 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' आहे. अवयवदानात काही देशांतले डॉक्टर हेच करतात. त्या पुतणसुनेच्या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर हे एवढेच आहे, आणि ते मला तिच्यासमोर बसलो असताना सुचले नाही.

मूल नसल्याचे दुःख खोटे नाही. ते दुःख घेऊन वणवण करणारी जोडपी मी जवळून पाहिली आहेत आणि विज्ञानाने त्यांच्या ओंजळीत काही टाकले याचा आनंदच आहे. पण ओंजळ भरताना ती कोणाच्या घागरीतून भरली, हे विसरू नये.

जाता जाता एक कबुली. त्या दिवशी चेकसोबतच्या कागदावर पैसे कशाचे ते लिहायचे होते. ती बाई स्वच्छ 'काम' म्हणाली होती. मला ते लिहायचा संकोच वाटला आणि मी लिहिले, 'भेट'. तिने वाचता येत नसल्याने मुकाट्याने अंगठा उठवला. दहा वर्षांनी कायद्यानेही तेच केले.