परवाना मागा, पण नियम पूर्ण वाचा!

डिसेंबर 2024 पासून आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांच्या तोंडी एक नवाच प्रश्न आला आहे. ‘वकीलसाहेब, बंदुकीचे लायसन कसे काढायचे?’ विचारणारे कोणी गुंड-मवाली नाहीत. कोणी डी.एड. होऊन घरी बसलेला, कोणी ऊसतोडीहून परतलेला, एक तर चक्क ग्रामपंचायत सदस्य. पूर्वी असा प्रश्न आला की आम्ही हसून टाळत होतो, पुस्तकाच्या बळावर मिळवलेले बंदुकीपायी घालवू नका असे दोन शब्द वर सुनावत होतो. आता हसू येत नाही.

का येत नाही ते परभणीकरांना सांगायला नको. 10 डिसेंबर 2024 रोजी रेल्वे स्थानकासमोरील बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ आणि त्यापाठोपाठ आपल्या वस्त्यांमधून धरपकड. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाने कारण लिहिले ते अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे. कायदा शिकणारा पोरगा कायद्याच्याच ताब्यात मेला, मग आम्ही कशाच्या भरवशावर राहायचे, हा पोरांचा सवाल आहे. त्याला ‘संयम पाळा’ हे उत्तर होऊ शकत नाही.

आणि हा सवाल काही कालचा नाही. याच जिल्ह्यात पिंपरी देशमुख येथे 1991 साली कोतवाल अंबादास सावणे यांचा खून झाला. गुन्हा काय, तर पावसात मारुतीच्या देवळाचा आडोसा घेतला! 1978 च्या नामांतराच्या दंगलीत पेटलेल्या वस्त्या पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी जमाव भोतमांगे कुटुंबाच्या झोपडीवर चालून गेला, तेव्हा त्या माऊलीच्या हाताशी काय होते?

आता कायद्याकडे येऊ. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा आणि त्याचे नियम 1995 चे. त्यातला नियम 3 किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास शासनाने त्यांना शस्त्र परवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे परवाना मागणारा आपला माणूस माथेफिरू नाही, तो केंद्र सरकारचाच नियम सरकारला वाचून दाखवतो आहे. 2020 मध्ये हाथरसनंतर चंद्रशेखर आझाद यांनी वीस लाख परवान्यांची मागणी केली, तेव्हा वाहिन्यांवर केवढा गहजब झाला! मे 2025 मध्ये आसाम सरकारने असुरक्षित भागातल्या मूळ रहिवाशांना शस्त्र परवाने देण्याचा निर्णय घेतला. तो मात्र सरकारचा निर्णय ठरला.

पण तोच नियम 3 थोडा वर सरकून वाचा. परवाने द्या म्हणण्याच्या आधी तो काय म्हणतो? अत्याचार होण्याची भीती असलेली क्षेत्रे आधी निश्चित करा. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना तिथे पाठवा. गरज पडल्यास त्या क्षेत्रातील इतर समाजाच्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करा. बेकायदा शस्त्रे जप्त करा. आमच्या मते या नियमाचा प्राण इथे आहे आणि आमची पोरे नेमके हेच वाचत नाहीत.

शेजारच्या बीडमध्ये काय झाले ते आठवा. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि मग सगळ्यांना कळले की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने आहेत. लग्नात, वाढदिवसाला हवेत गोळ्या झाडण्याची चित्रफीत निघाली, तेव्हा कुठे प्रशासनाला जाग आली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. म्हणजे मनात आणले तर रद्द करता येतात! सरपंचाचा जीव गेल्यावर येतात, तर अत्याचारप्रवण गावात आधी का येत नाहीत?

मराठवाड्यात बंदूक ही बहुधा शेताच्या, पैशाच्या आणि ओळखीच्या वाटेने घरात येते. पीकरक्षणासाठी म्हणून परवाना मिळतो. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाचे पीकही रानडुकरे खातात, पण सातबारा नावावर नाही, तर पीकरक्षणाचा अर्ज तो कशावर करणार? वास्तविक पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे शस्त्र अधिनियम 1959 चे कलम 14 स्पष्ट सांगते.

बाबासाहेबांचे काय मत होते? घटना समितीत डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क करावा अशी दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. जो तो बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसे, असा त्यांचा मुद्दा होता. महाडला 1927 मध्ये आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या, तेव्हा चवताळलेल्या मंडळींना त्यांनीच आवरले आणि हल्लेखोरांना कोर्टात खेचले. मात्र त्याच काळात समता सैनिक दलही उभे राहिले, हे विसरू नये. दुबळेपणाला त्यांनी कधी अहिंसा म्हटले नाही.

वकिलीत आम्हाला रोज दिसते ते वेगळेच. आत्मसंरक्षणाचा हक्क बंदुकीअभावी जात नाही, तो ठाण्यात जातो. वस्तीवर हल्ला होतो, आमची बाई दारातली काठी उचलते, समोरच्याचे डोके फुटते. आमची फिर्याद घेईपर्यंत रात्र उलटते, तोवर समोरच्यांची उलटी फिर्याद नोंदलेली असते. पाच जण दाखवले की दरोडा! मग जामिनासाठी धावपळ आणि शेवटी ‘दोन्हीकडून मिटवून घ्या’. जुन्या दंडसंहितेत 96 ते 106 आणि आता भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 ही कलमे खासगी संरक्षणाचा हक्क देतात. जिवावर बेतले असेल, बलात्काराची भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क जातो. पण पहिल्याच जबाबात ‘त्यांनी मारले म्हणून मी काठी उचलली’ हे वाक्य आले नाही, तर पुढे ते सिद्ध करताना आमचा घाम निघतो. जखमा आपल्याही अंगावर असतात, त्या दाखवायला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे लागते. दोन दिवसांनी नाही.

आणि सोमनाथ? त्याच्या खिशात परवाना असता तरी काय झाले असते? सद्भावनेने काम करणाऱ्या लोकसेवकाविरुद्ध हा हक्क कलम 37 ने फार आवळला आहे, आणि कोठडीत तर हाताशी काहीच नसते. तिथे लढली ती त्याची आई. पन्नास बंदुका जिथे उपयोगी पडल्या नसत्या, तिथे तिची याचिका उपयोगी पडली. ॲड. बाळासाहेब आंबेडकर तिच्या बाजूने उभे राहिले, 4 जुलै 2025 रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले तर तिथेही त्याची डाळ शिजली नाही.

म्हणून लायसन विचारणाऱ्या पोरांना आम्ही आता नाही म्हणत नाही. अर्ज करा म्हणतो. अर्जात नियम 3 चा उल्लेख करा, गावात आधी काय काय घडले ते तारखेनिशी लिहा, नकार आला तर लेखी कारणे मागा आणि कलम 18 खाली अपील करा. त्याच दिवशी दुसरा अर्ज जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे द्या. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून किमान एकदा बसायला हवी. तिला विचारा, आमचे गाव अत्याचारप्रवण यादीत आहे काय? नसेल तर का नाही? आणि गावात आज कोणाकोणाच्या घरी परवान्याच्या बंदुका आहेत? त्या ग्रामपंचायत सदस्याने पहिला अर्ज लिहून आणला होता. दुसरा आम्ही त्याच्यासमोरच लिहिला. दोन्हींवर पोच घेऊन तो गावी गेला आहे.