दाभोळ नाचवा, पण गावकुसासकट



मध्ययुगीन कोकणावर नृत्यनाट्य बसवायचं आपल्या पोरांच्या मनात आहे. अरबांचे घोडे, इराणी सौदागर, हबशी सरदार, सूफी, संत, सगळे एका स्टेजवर. शेवटी सगळ्यांनी हातात हात घालायचे, वरून रंगीत लाइट, आणि टाळ्या. आमचा सवाल एवढाच: या सगळ्या थाटात तुझा खापरपणजा कुठं उभा आहे?

विषय वाईट नाही. उलट आज तो केलाच पाहिजे. वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ हे बहामनींचं, मग आदिलशाहीचं मोठं बंदर. अरबस्तान-इराणातले घोडे इथं उतरत. 15व्या शतकात दख्खन फिरून गेलेल्या निकितीन या रशियन व्यापाऱ्यानंही दाभोळची नोंद केलीय. 1508च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेइदानं ते जाळलं, तरी ते पुन्हा उठलं. 17व्या शतकातली आदिलशाही मशीद आजही तिथं उभी आहे. कोकण एका धर्माचं, एका रंगाचं कधीच नव्हतं. इतिहास धुऊन एकाच रंगात बुडवायला निघालेल्यांच्या तोंडावर हे फेकलंच पाहिजे. इथपर्यंत समन्वयवाले आपले दोस्त आहेत.

भांडण पुढं सुरू होतं. बंदर रंगीबेरंगी होतं. आणि गाव? बंदरातून दोन कोस आत या. तिथं खोत बसलेला. खोत कोण? कुठं ब्राह्मण, कुठं मराठा, कुठं मुसलमान. घ्या तुमची बहुसंस्कृती! रत्नागिरी जिल्ह्यातली खरीखुरी सर्वधर्मसमभावाची संस्था म्हणजे खोती. पगडी असो नायतर टोपी, वेठ तीच आणि वाकलेली पाठ तीच. कुळवाडी कुणब्यानं राबायचं, महारानं सरकारी कामाचं ओझं डोक्यावर घेऊन ठाण्यापर्यंत धावायचं. राजवट बदलली, नमाज-पूजा बदलली, धावणारा बदलला नाही. मुसलमानांतही जात शिरलीय, हे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या पुस्तकात दडवून ठेवलं नाही. मग आपण नृत्यनाट्यात का दडवायचं?

समन्वयवाले म्हणतील, पातशहांनी तुम्हाला हक्क दिले की. अमृतनाकाची कथा सांगतील. बेदरच्या पातशहाची बेगम सोडवून आणली, त्याबद्दल महारांना बावन्न हक्क मिळाले. आपल्या म्हाताऱ्यांनी ही कथा छाती काढून सांगितली. त्यांचा मान आम्हाला कळतो. पण हक्कांची यादी वाचलीत का? मढ्यावरचं कापड. मेल्या ढोराचं कातडं. असला हक्क देणारा बादशहा थोर, आणि घेणारा कृतज्ञ, असा सीन कुणी बसवला तर आम्ही उठून जाऊ. ज्या वतनाच्या बेड्या तोडायला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं, त्या बेड्यांना पैंजण म्हणून नाचवू नका.

त्याच दख्खनमध्ये आणखी एक माणूस आला. मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, हातोहात विकला गेलेला गुलाम. निजामशाहीचा कारभार त्यानं हातात घेतला, मोगलांना झुंजवलं, 1626 साली मेला तो सत्ताधारी म्हणून. हे झालं कसं? त्याच्या कपाळावर जन्माचा विटाळ नव्हता. गुलाम विकत घेता येत होता, म्हणून त्याला शिवताही येत होतं. चोखामेळा कुणी विकला नाही, विकत घेतला नाही, आणि शिवलाही नाही. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना भिंत कोसळली, तिच्याखाली तो गेला. समाधी पंढरीला, पण देवळाच्या दाराबाहेर. हबशी आणि चोखा यांना एका स्टेजवर आणा. त्यांना गळाभेट घ्यायला लावू नका, एकमेकांना प्रश्न विचारायला लावा.

आणि प्रश्न विचारायची रीत शोधायला मुंबई-पुण्याच्या बॅलेवाल्यांकडे जायची गरज नाही. जाखडी आपल्या जिल्ह्यात आहे. मधी गाणारे आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधलेलं कडं. एक शक्तीवाला, एक तुरेवाला, सवाल आणि जवाब. परंपरा या कलगीतुऱ्याचं मूळ तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांच्या वादात सांगते. बघा, हिंदू-मुसलमानांनी मिळून घडवलेली ही रीत भांडणाची आहे, मिठ्या मारण्याची नाही! दोघं एकत्र आले ते वाद घालायला. आपल्याला हेच पायजे.

आता आपल्यातल्याच काही जाणत्यांचं ऐकू. ते म्हणतात, नाचगाणं आपण 1956 साली मागं टाकलं, पुन्हा चाळ कशाला बांधता? हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही. नाच आपल्या बायांच्या पोटाशी बांधला गेला होता. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी देऊ केलेला तमाशाचा पैसा बाबासाहेबांनी नाकारला, तो उगाच नव्हे. पण त्याच काळात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसा उभा केला. ढोलकी ठेवली, गण-गौळणीतला देव काढला, लाचारी काढली, आणि तिथं विचार बसवला. म्हणजे रस्ता पाडलेला आहे. नाच टाकायचा नाही, मालक टाकायचा.

म्हणून आमचं म्हणणं असं. एक: बंदराचा सीन करा, पण त्याच्या लगेच मागं गावाचा करा. दोन: खोत एकाच नटानं करावा. त्यानं लोकांसमोर डोक्यावरची पगडी-टोपी बदलत जावी, खालची वाकलेली रांग तीच राहावी. तीन: रांगेत फक्त आपणच नको. कुणबी घ्या, कारण चाबूक त्याच्याही पाठीवर होता. चार: पोरींनी नाचावं, पण कुणाचं मन रिझवायला नव्हे. सवाल टाकणारी बारी पोरींची असावी. पाच: आपल्या पोरांना ढोल बडवायला आणि गर्दी करायला बोलावलं, आणि कथा लिहायला दुसरा कुणी बसला, तर जाऊ नका. लेखणी आपल्या हातात नसेल तर घुंगरूही बांधू नका.

आणि शेवट? हातात हात घालायचेच असतील तर त्यालाही खरी तारीख आहे. 10 जानेवारी 1938. खोती मोडा म्हणत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिलवर चालून गेले. कुणबी होते, महार होते, पुढं बाबासाहेब होते. खोती कायद्यानं मोडायला 1949 उजाडलं, पण त्या दिवशी रांग पहिल्यांदा सरळ उभी राहिली. चोख्यावर भिंत कोसळली त्याला तेव्हा बरोबर सहाशे वर्षं झाली होती.

एकत्र येणं म्हणतात ते हे. कुणाच्या दरबारात नव्हे, मोर्चात. हे नाचून दाखवा. मग टाळ्या नाही पडल्या तरी चालेल, समोरची माणसं उभी राहिली म्हणजे झालं.