माणसाचा पाय म्हणजे फेंडर नव्हे!

गेल्या हिवाळ्यात चार दिवस चलथाणला होतो. सुरतेपासून पंधराएक किलोमीटरवरचे हे गाव. भाची तिथे दिली आहे. सहकारी साखर कारखाना, उसाच्या गाड्या, भुसावळकडे जाणारा रेल्वेमार्ग आणि रात्रंदिवस धडधडणारा महामार्ग. समुद्राचा वाससुद्धा नाही. अशा ठिकाणी गोव्याच्या माणसाला शिडाची होडी आठवावी, हे ऐकून भाचीचा नवरा हसला. पण आठवली खरी, आणि आठवली ती एका ट्रकवाल्यामुळे.

रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. सकाळी चहाच्या टपरीजवळ धुळ्याकडचा एक ट्रकवाला ताडपत्री पसरून बसला होता. शेजारी सुताचा जाड दोर. तो दोर हातभर हातभर सोडत होता, पीळ उकलून आत बघत होता आणि पुन्हा वेटोळे घालत होता. दुसरे एक कोरडे वेटोळे केबिनच्या टपावर, वरून सुरगाठ मारून ठेवलेले. मी विचारले, "एवढं काय बघता त्यात?" तर म्हणाला, "काका, ओला दोर घडी केला का आतून सडतो. वरून नवाच दिसतो. घाटात तुटला का मग कोणाच्या अंगावर माल पडेल ते सांगता येत नाही." टपावरचा दोर कशाला, असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की मीच ओशाळलो. "हा तुटला तर?" एवढेच म्हणाला.

वाचकहो, "हा तुटला तर?" हा प्रश्न आपण गोंयकार स्वतःला कधी विचारतो का? माझे स्पष्ट उत्तर आहे, नाही. आणि ते का, हे सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मित्राची सव्वीस फुटी शिडाची होडी. एप्रिल महिना, दुपारनंतरचा समुद्रावरून येणारा वारा आणि मांडवीला सुकती. वारा एका बाजूने, पाणी दुसऱ्या बाजूने. धक्क्याला लागताना नाळेकडचा दोर फेकला, वरच्या माणसाने तो खुंट्याला गुंडाळला आणि पहिल्याच हिसक्याला दोर तुटला! उन्हाने करपून गेलेला तो दोर दोन वर्षे डेकवरच पडून होता. दुसरा दोर होता की! अगदी नवा, महागाचा. पण तो होता पुढच्या खणात, ओल्या शिडाच्या, लाइफ जॅकेटांच्या आणि बर्फाच्या पेटीच्या खाली. फेंडरही होते. चांगले चार. तेही तिथेच, एकमेकांना निरगाठीने बांधलेले, आणि गाठी मिठाने दगड झालेल्या. होडीची वरांड धक्क्याकडे वळली. आम्ही सगळे "अरे, अरे" करत राहिलो. होडीवर कामाला असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने जे सुचले ते केले. धक्का आणि होडी यांच्यामध्ये पाय घातला.

दोन-अडीच टनांची होडी पायाने थांबत नसते. त्याच्या घोट्याचा चुरा झाला. आज तो चालतो, पण होडीवर जात नाही. होडीचा रंग मात्र खरवडला गेला नाही. त्यावर कोणीतरी समाधानही व्यक्त केले होते! तो "कोणीतरी" मीच असेन अशी मला कधीकधी भीती वाटते, म्हणून आजवर हे लिहिले नव्हते.

यावर लोक म्हणतात, "नशीब." नशीब कसले? हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याचा हप्ता नेहमी कामाला ठेवलेल्या माणसाच्या हाडांनी फेडला जातो. मालकाचा पाय सहसा मध्ये येत नाही.

आता आमच्या दर्यावर्दी वारशाबद्दल. त्याविषयी बोलायला आम्हाला भारी आवडते. आणि बोलण्यासारखे आहेही! ज्या 'म्हादेई'तून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती दिवाडीच्या ॲक्वारियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकरांनी बांधली. तिच्यातूनच अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. 'तारिणी'ही तिथलीच. तिने २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना आणि २०२४-२५ मध्ये दोघींना जगाभोवती फिरवून गोव्यात परत आणले. दर वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या. शिडांचे फोटो छापले. शाल, श्रीफळ, भाषणे. त्या होड्यांच्या पोटात कोणता दोर कुठे आणि कसा ठेवला होता, हे मात्र एकाही भाषणात ऐकल्याचे मला आठवत नाही.

टॉमी यांचीच दुसरी गोष्ट घ्या. २०२२ साली सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वाऱ्यावर चालणारी सुकाणूची यंत्रणा मोडली, तेव्हा त्यांनी शौचालयाचे दार कापून तिची दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये दुसरे आले. आम्हाला यात 'जुगाड' दिसतो आणि आम्ही खूश होतो. पण दार कापायला करवत लागते! ती भर समुद्रात हेलकाव्यांत सापडावी लागते. ज्याला आपल्या होडीतली प्रत्येक वस्तू अंधारात हात घालून काढता येते, त्यालाच जुगाड परवडतो. बाकीच्यांचा जुगाड म्हणजे मध्ये घातलेला पाय.

"एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ!" असे म्हणणारे भेटतील. त्यांना विचारावेसे वाटते, दोर ही एवढीशी गोष्ट कधीपासून झाली? 'कौंडिण्य' हे जहाज आठवा. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात घडवलेले, लाकडी फळ्या काथ्याच्या दोराने शिवून सांधलेले. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. म्हणजे ज्या दोराला आम्ही अडगळ समजतो, त्या दोरावर अख्खे जहाज अरबी समुद्र ओलांडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत इथपर्यंत त्यात बजावले आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याच्या अमात्याला हा बारीकसारीक विचार सुचत होता. आम्ही मात्र फक्त तलवारीचे पोवाडे पाठ केले.

दुसरा आक्षेप, "होडीत जागा कुठे असते?" जागा नसते, म्हणूनच शिस्त लागते. त्यात फार मोठे शास्त्र नाही. दोर गोड्या पाण्याने धुवावा, कारण मिठाचे खडे धाग्यांत शिरून आतून घासतात. सावलीत वाळवावा. पिळाचा दोर त्याच्या पिळाच्या दिशेनेच गुंडाळावा, विणलेला दोर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे ऐनवेळी गुंता होत नाही. प्रत्येक वेटोळ्याला लांबी लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि ते खुंटीला टांगावे, तळात फेकू नये. नायलॉनचा दोर ताणला जातो, हिसका पोटात घेतो, म्हणून तो धक्क्यासाठी आणि नांगरासाठी. पॉलिएस्टरचा फारसा ताणला जात नाही, म्हणून तो शिडासाठी. पॉलिप्रॉपिलीनचा तरंगतो, पण उन्हाने लवकर कुजतो. निदान एक दोर सुकाणूवरच्या माणसाच्या हाताशी हवा. फेंडर धक्क्याला लागण्याआधी निघाले पाहिजेत आणि सुरगाठीने बांधलेले पाहिजेत. धक्का सुटला की ते आत घ्यावेत. बाहेर लोंबकळत ठेवलेले फेंडर लाटेने ओढले जातात आणि नवशिक्याची ओळख दुरून पटते ती वेगळीच. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कॉकपिटखालच्या खणात सुटे दोर कोंबू नयेत. ते सुकाणूच्या यंत्रणेत अडकतात, पाणी उपसण्याच्या पंपाच्या तोंडाशी बसतात. जीव वाचवायला ठेवलेला दोरच गळफास होतो.

हे सगळे सांगायला मी काही तांडेल नव्हे. आमच्या खारवी आणि पागी घरांतल्या म्हाताऱ्यांना हे न शिकवता येत होते. त्यांच्या पडवीत दोर खुंटीला असे, कोरडा, मोजलेला. तेच ज्ञान आम्ही मागासलेपण समजून सोडले. आता त्यांचीच नातवंडे आमच्या चकचकीत होड्यांवर रोजावर येतात, आणि आम्ही त्यांना साधा कोरडा दोर देऊ शकत नाही. सुंभ जळाला आणि पीळही गेला, अशी ही अवस्था आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यापुढे कोणी दर्यावर्दी वारशावर भाषण करणार असेल, तर त्याने आधी आपल्या होडीचा खण उघडून दाखवावा. होडी नसेल तर घराचा माळा दाखवावा, हरकत नाही. आणि ज्या होडीवर फेंडर दहा मोजायच्या आत बाहेर येत नाहीत, तिच्यावर दुसऱ्याच्या पोराला कामाला ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चलथाणहून निघताना तो ट्रकवाला पुन्हा दिसला नाही. टपावर दुसरा दोर घेऊन तो कधीच घाट चढून गेला असेल. समुद्र त्याने पाहिलाही नसेल कदाचित. पण माझ्या मित्राच्या होडीवर त्या दिवशी तो असता, तर एक पोरगा आज लंगडत नसता.