गंधकाचा धूर आणि आपली रसशाळा

चरकसंहितेच्या विमानस्थानात, तिसऱ्या अध्यायात, जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक, देश आणि काल या चार भावांच्या विकृतीचा विचार केला आहे. माणसांची प्रकृती, आहार, वय भिन्न असले तरी हे चार भाव सर्वांना समान असतात. म्हणून ते बिघडले की एकाच वेळी अनेकजण रोगग्रस्त होतात. हा अध्याय आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. मात्र वायू बिघडविण्यात आपला स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोडे विचारतात.

सल्फर डायऑक्साइड हा आपल्याला परका नाही. तो जळलेल्या गंधकाचा वायू आहे. रससिंदूराच्या पाकात कुपीच्या मुखाशी निळसर ज्वाला दिसते, तप्त शलाका घालून मुख मोकळे करताना घशात झोंबरा वास शिरतो, तो याचाच. १ किलो गंधक पूर्ण जळाला की २ किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो. षड्गुण गंधकजारणात १ किलो पारदासाठी ६ किलो गंधक लागतो. त्यांपैकी पारदाशी प्रत्यक्ष संयोग पावतो तो जेमतेम १६० ग्रॅम. उरलेला वाफ होऊन किंवा जळून बाहेर पडतो. तो सारा जळला तर ११ किलोंहून अधिक विषारी वायू होईल.

‘औष्णिक वीजकेंद्रांच्या तुलनेत आमच्या चार कुप्या त्या किती?’ असे कोणी म्हणेल. एकूण प्रमाणाच्या दृष्टीने हे खरेच आहे. परंतु वीजकेंद्राची चिमणी शेकडो फूट उंच असते. आपला धूर मात्र कामगाराच्या आणि शेजाऱ्याच्या नाकाच्या पातळीवरच सुटतो. हा वायू पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे श्वासमार्गाच्या ओलसर त्वचेवर तो तत्काळ परिणाम करतो. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका काही मिनिटांतच आकसतात. श्वासरोगाच्या हेतूंत धूळ आणि धूर यांची गणना आपल्याच शास्त्राने केली आहे. पुढच्या दालनात तमकश्वासाच्या रुग्णाला औषध द्यायचे आणि मागच्या अंगणात त्याचाच हेतू निर्माण करायचा, हे वैद्याला शोभत नाही.

उपाय अवघड नाहीत. कुपीपाकाची भट्टी उघड्यावर न ठेवता तिच्यावर धूर ओढून घेणारे छत्र बसवावे आणि तो धूर चुना कालवलेल्या पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन मगच उंच धुराड्यातून सोडावा. पारदाच्या वाफेसाठी वेगळी व्यवस्था अर्थातच हवी. काढे आटविण्यासाठी दगडी कोळसा किंवा भट्टीचे जड तेल जाळणाऱ्यांनी गॅसचा अवलंब करावा. अर्धा टक्का गंधक असलेला १ टन कोळसाही सुमारे १० किलो सल्फर डायऑक्साइड देतो.

मोठ्या चिमण्यांसाठीही तत्त्व हेच आहे. वीजकेंद्रातील धूर चुनखडीच्या पाण्याने धुतला की जिप्सम मिळते. त्याच द्रव्याला आपण गोदंती म्हणतो. (औषधासाठी मात्र खनिज गोदंतीच घ्यावी, कारखान्यातील नव्हे!) धूर धुण्याचे काम आपल्याकडेही घडले आहे. डहाणूच्या औष्णिक केंद्रात २००७ च्या सुमारास धूर समुद्राच्या पाण्याने धुणारी यंत्रणा सुरू झाली. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्थापन झालेल्या प्राधिकरणाचा आग्रह होता. वाहनांच्या बाबतीतही बदल झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भाग इतकी खाली आली.

वीजकेंद्रांबाबत मात्र पाऊल मागे पडले आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडचे निकष ठरविले. २०१७ ची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने सुमारे ७८ टक्के संचांना या निकषांतून सूट दिली. देशी कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतील या वायूचे प्रमाण मर्यादेत आहे, असे समर्थन केले जाते. ते अपुरे आहे. हा वायू हवेत तसाच राहत नाही. त्यापासून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात, शेकडो किलोमीटर प्रवास करतात आणि फुप्फुसात खोलवर शिरतात. केवळ वायू मोजून कणांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे एका लक्षणावरून व्याधी नाही असा निर्णय देणे होय.

या सवलतीविरुद्ध वैद्यवर्गाने ठामपणे बोलले पाहिजे, असे माझे मत आहे. आपल्या संघटनेने शासनाकडे तसे निवेदन द्यावे. पण त्या निवेदनाला वजन तेव्हाच येईल, जेव्हा आपल्या रसशाळांचे धुराडे कोणालाही दाखविता येईल. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे, असे आपण रुग्णाला रोज सांगतो. वैद्यबंधू-भगिनींनो आणि औषधनिर्मात्यांनो, येत्या हंगामात कुपी भट्टीवर चढविण्यापूर्वी ती पायरी आपण स्वतः चढूया.