परंपरा कोण घडवितो?

पदक मिळाले की सत्कार होतात. त्यामागील परिश्रमांचा विचार क्वचितच होतो. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. २०१७ साली संजीवनी जाधव यांनी जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक पटकाविले. नाशिक जिल्ह्याच्या या दोन्ही कन्यांना विजेंद्र सिंग यांचेच मार्गदर्शन लाभले, हा योगायोग नव्हे. पदक खेळाडू जिंकते. परंपरा मात्र वर्षानुवर्षे मैदानावर उभा राहणारा प्रशिक्षक घडवितो. अंबडच्या कामगारवस्तीतून महाविद्यालयात येणाऱ्या मुलीस धावपट्टी आणि पूर्णवेळ प्रशिक्षक आपण देणार नसू, तर या यशाचा अभिमान मिरविण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो?